जानेवारीतले आकाशकंदील : एका बांबू गटाच्या प्रदर्शनाचा हिशेब

हे प्रकरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड आणि ब्रह्मपुरीच्या मधल्या एका गावातल्या पाच बायांच्या गटाचं आहे. गटाचं नाव, गाव आणि प्रदर्शन कोणी भरवलं ते मुद्दाम गाळलं आहे. आकडे गटाच्या वहीतले आहेत, जवळच्या दहाला जुळवलेले. मी या भागातल्या बचत गटांच्या वह्या पाहतो. त्यामुळे प्रदर्शनाहून परतलेल्या बायांची तक्रार दर हिवाळ्यात ऐकायला मिळते: लोक भाव पाडतात, फोटो काढतात, घेत काहीच नाहीत. तक्रार खोटी नाही. पण या गटाच्या वहीत भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकानं केलेलं नुकसान शोधायला गेलो, तर ते फारच थोडं निघालं. मोठं नुकसान आधीच, माल टेम्पोत चढवताना झालं होतं.

गटातल्या तिघी एकाच बुरुड, म्हणजे पिढीजात बांबूकाम करणाऱ्या जातीच्या, घरातल्या: सासू आणि दोन सुना. उरलेल्या दोघी त्याच मोहल्ल्यातल्या. सासूबाईंचं सगळं आयुष्य सूप, टोपलं, परडी, पंखे आणि धान साठवायच्या ढोल्या विणण्यात गेलं. हा धानाचा मुलूख. कापणी-मळणीला सूप लागायचं, लग्नाला सूप-टोपली लागायची, दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावोगावच्या जत्रेत, जिथे नाटकंही होतात, लहान टोपल्या खपायच्या. कोणत्या महिन्यात काय विणायचं, हे त्यांना कोणी सांगावं लागत नसे. मग मळणीयंत्र आलं, हार्वेस्टर आला, बाजारात प्लास्टिकचं सूप आलं. आठवडी बाजारात आज बांबूचं सूप शंभर-सव्वाशेला जातं, आणि तेही लग्नसराईत.

धाकटी सून बारावी झालेली. तिनं बांबूकामाचं प्रशिक्षण घेतलं आणि तिथे टेबलावरचे दिवे, फळांच्या परड्या, पेनस्टँड, कानातले करायला शिकली. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत टोपल्या-चटया विणणारे येतात. तिथूनही तिला अवजारांसाठीची मदत मिळाली. हात चांगला आहे तिचा. दिव्याची वीण पाहिली तर सासूसुद्धा मान डोलावते, फक्त तोंडानं म्हणत नाही.

तारीख सरकली

2024 च्या पावसाळ्यात गटाला निरोप आला: जिल्ह्याच्या ठिकाणी दिवाळीच्या आधी पाच दिवसांचं प्रदर्शन आहे, हस्तकलेच्या स्टॉलना जागा आहे. दिवाळी 1 नोव्हेंबरला होती. धाकटीनं सरळ विचार केला की दिवाळीच्या तोंडावर लोक आकाशकंदील घेतात. बांबूचे चाळीस कंदील करायचे ठरलं, दीडशेला एक. सोबत दिवे, परड्या, पेनस्टँड.

विचारात चूक काहीच नव्हती. अडचण बांबूची होती. जंगलातली बांबूतोड पावसाळ्यात बंद असते आणि बुरुडांना वनविभागाकडून कार्डावर मिळतो तो बांबू उन्हाळ्यातच संपलेला. म्हणून ऑगस्टमध्ये गावातल्या एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बांबू घेतला. 2017 च्या कायदादुरुस्तीनंतर शेतातला बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, त्यामुळे तोडायला, आणायला कोणाची आडकाठी नव्हती. पण तो भर पावसातला हिरवा बांबू, त्यात काही काठ्या वर्षाच्या आतल्या. सासूबाई तेव्हाच बोलल्या होत्या, "पावसातला बास घरात ठेवू नये, आठ दिसांत विकला पायजे." त्या म्हणत होत्या ते सुपाच्या हिशेबानं बरोबर होतं. सूप आज विणलं, गुरुवारी बाजारात गेलं. आणि कंदीलही दोन महिन्यांत विकलेच जाणार होते.

ऑक्टोबरच्या मध्यावर विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली आणि प्रदर्शन पुढे गेलं. किती पुढे, हे कोणी सांगेना. दिवाळी गेली, 20 नोव्हेंबरचं मतदान गेलं, निकाल लागला. डिसेंबरच्या शेवटी फोन आला: संक्रांतीनंतरच्या आठवड्यात या.

इथे एक प्रश्न कोणीही विचारायला हवा होता. कंदिलांचं काय? गावातल्या-गावात किंवा ब्रह्मपुरीच्या बाजारात ते दिवाळीआधी काढता आले असते, शंभरला का होईना. पण प्रदर्शन "आज-उद्या" होणार म्हणून माल राखून ठेवला होता. भरवणाऱ्यांच्या लेखी तारीख सरकली म्हणजे मांडववाल्याला एक फोन. ज्याचा माल सणाला बांधलेला असतो, त्याच्यासाठी ती तारीख गेली की माल गेला.

टेम्पोत काय चढलं

चोवीस दिवे, चाळीस कंदील, परड्या, पेनस्टँड, थोडी सुपं, कानातल्यांचा एक डबा. शिवाय धाकटीनं केलेला एक बांबूचा झुला, "शोसाठी". आणि सासूबाईंनी कोणाला न विचारता पिशवीत टाकलेल्या तीस सुपल्या, तळहाताएवढ्या.

बांबूच्या मालाचं एक गणित आहे, ते कापडवाल्याला किंवा लोणचं-पापडवाल्या गटाला पडत नाही. वजन काहीच नसतं, जागा मात्र अफाट लागते. दिवा पोकळ, कंदील पोकळ, एकात एक बसत नाहीत, वर वजन ठेवता येत नाही. झुल्यानंच अर्धा टेम्पो खाल्ला. जायचे तीन हजार, यायचे तीन हजार.

स्टॉल नावाला मोफत होता, सफाई आणि विजेचे म्हणून पाचशे घेतले. वीज म्हणजे प्रत्येक स्टॉलला एक ट्यूबलाइट. प्लगची जागा नव्हती. त्यामुळे दिवे पाच दिवस विझलेलेच राहिले. विझलेला बांबूचा दिवा टेबलावर पालथा दिसतो तो कशासारखा, हे एका गिऱ्हाइकानंच सांगितलं: "बाई, हे डालगं इतकं लहान कायले केलं? यात तर पिल्लूच बसते." डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली. हसू आलं खरं, पण चारशे रुपयांच्या मालाची किंमत त्या एका वाक्यात वीस रुपयांवर आली होती.

पहिला दिवस उद्घाटनात गेला. सकाळी नऊला स्टॉल लावून तयार राहायचं होतं, फीत दुपारी कापली गेली. पाहुण्यांना "आठवण म्हणून" एक दिवा द्यायला सांगण्यात आलं. पैसे कोण देणार, हे विचारायची ती वेळ नव्हती आणि नंतर विचारायला कोणी सापडलं नाही. संध्याकाळी मंचावर ऑर्केस्ट्रा सुरू झाला की गर्दी तिकडे, स्टॉलच्या रांगा ओस. हे रोजचंच.

चारशेच्या दिव्यावरून जी बोलणी होत, त्यातलं एक लिहून ठेवण्यासारखं आहे. एक निवृत्त गुरुजी. दिवा हातात घेऊन म्हणाले, "कायचे चारशे? आमच्या धुऱ्यावर पडला आहे बास." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मंग घेऊन या ना जी. इथंच बसून करून देतो. दीडशे मजुरी." गुरुजी गेले ते परत आले नाहीत. पण त्यांचं म्हणणं मी नुसता कद्रूपणा म्हणून बाजूला टाकणार नाही. या जिल्ह्यात प्रदर्शनाला येणारा बहुतेक माणूस एका पिढीपूर्वी गावातच होता. बांबू त्याच्या दारात वाढला. बुरुडाला धान देऊन सूप घेणं त्यानं घरी पाहिलं आहे. त्याच्या मनात बांबूच्या कामाचा भाव सुपाला बांधलेला आहे, आणि त्या भावात बुरुडाच्या मजुरीला कधी फारशी जागा नव्हतीच. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनात जो दिवा "किती सुंदर" म्हणून उचलला जातो, तो इथे बुरुडाचं टोपलं ठरतो. कातडीच्या पर्सला असा भाव कोणी पाडत नाही, कारण तिची किंमत त्यानं आधी दुकानात पाहिलेली असते. यात जात आहे. ती नाही असं म्हणून हा भाव कळत नाही.

शेजारचा स्टॉल एका व्यापाऱ्याचा. कुठल्याशा गटाचं पत्र लावून घेतलेला. त्याच्याकडे यंत्रावर कापलेले, एका मापाचे बांबूचे मग आणि ट्रे, वर "हस्तनिर्मित" अशी पट्टी. तिसऱ्या दिवशी एका कार्यालयातून माणूस आला. प्रशिक्षणवर्गात वाटायला पन्नास पेनस्टँड हवे होते. साठ रुपयांना एक, म्हणजे तीन हजारांचं काम. त्याला धाकटीचे पेनस्टँड पसंत पडले. मग म्हणाला, जीएसटीचं बिल लागेल. वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. या गटाची उलाढाल त्याच्या जवळपासही नाही. धाकटीनं हे सांगितलं, साधी पावती देते म्हणाली. त्याचंही खोटं नव्हतं: "बाई, मले माहीत आहे. पण वरचा बिल पास नाही करत." पन्नास पेनस्टँड शेजारच्या स्टॉलवरून गेले. पाच दिवसांत मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट हीच.

ऑनलाइन पैशांचा घोळ वेगळाच. क्यूआर कोड सासूबाईंच्या थोरल्या मुलाच्या खात्याचा आणि तो नागपूरजवळ बुटीबोरीला कंपनीत. गिऱ्हाइकानं पैसे पाठवले की त्याला फोन करायचा, "आले का रे?" तो मशीनवर असला की फोन उचलायचा नाही. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून उभं. बहुतेकांचे पैसे आले. कोणाचे नाही आले, हे वहीवरून आता शोधता येत नाही.

सुपल्या

आता जे खपलं त्याकडे येऊ.

आयोजकांनी दुसऱ्या दिवशी "प्रात्यक्षिक करून दाखवा" म्हणून सांगितलं. सासूबाई स्टॉलसमोर पोतं टाकून बसल्या आणि बांबू सोलायला लागल्या. सुरी बांबूतून कशी उतरते, पट्टी किती पातळ निघते, हे पाहायला माणसं थांबायचीच. मोबाइल निघायचे. धाकटी वैतागली होती, "फुकटचा तमाशा." पण सासूबाई विणत होत्या सुपली, आणि ती विणून झाली की समोरचं एखादं पोर ती सोडेना. चाळीस रुपये. कोणी भाव केला नाही. आपल्यासमोर विणलेल्या वस्तूचा भाव करायला माणसाला जरा जड जातं, असं मला वाटतं.

खरी विक्री मात्र पोरांमुळे झाली नाही. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी 4 फेब्रुवारीला होती. मधले दिवस हळदीकुंकवाचे. एक बाई आली, सुपली हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाली, "यात तिळगूळ ठेवून वाण लुटायला किती छान. एकवीस आहेत का?" पिशवीत तेवढ्या होत्या. तिच्यामागून तिच्या ओळखीची आली. आणलेल्या तीस आणि तिथे बसून विणलेल्या वीस, सगळ्या गेल्या. आणखी शंभर असत्या तर त्याही गेल्या असत्या. सासूबाईंनी त्या पिशवीत का टाकल्या होत्या, असं मी विचारलं. म्हणाल्या, "संक्रांत नव्हती का?"

हिशेब

एकूण विक्री 13,670 रुपये. त्यात दिवे सहा, 2,400. कंदील तीन, 450. ते तीनही एका चहावाल्यानं टपरीला लावायला घेतले. परड्या एकोणीस, 2,850. पेनस्टँड अडतीस, 2,280. सुपल्या पन्नास, 2,000. मोठी सुपं बारा, 1,440. कानातले पंचेचाळीस जोड, 2,250.

प्रदर्शनाचा खर्च: टेम्पो 6,000, जेवण आणि ऑटो 2,200, स्टॉलचे 500. मिळून 8,700. विकलेल्या मालात गेलेला बांबू, पॉलिश, गोंद, वायर-होल्डर साधारण 1,700. हातात उरले 3,270.

यापुढे बहुतेक वह्या थांबतात. नफा 3,270, सही. पण विकला गेलेला माल करायला मोजून सव्वीस दिवसांची मजुरी लागली होती. दोघी जणी जाण्या-येण्यासकट सात दिवस घराबाहेर, ते चौदा. चाळीस दिवसांत 3,270 म्हणजे दिवसाला 82 रुपयेसुद्धा नाहीत. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर 297 होता. परत आलेल्या सदतीस कंदिलांत आणि सतरा दिव्यांत अडकलेली मजुरी मी यात धरलीच नाही.

याच आकड्यांची दुसरी मांडणी मला जास्त महत्त्वाची वाटते. टेम्पो कशासाठी लागला? दिवे, कंदील आणि झुल्यासाठी. त्या मालाची विक्री 2,850. टेम्पो 6,000. उरलेला सगळा माल, म्हणजे 10,820 रुपयांची विक्री देणारा, एकात एक घालून दोन मोठ्या पिशव्यांत बसला असता आणि एसटीनं आला असता. एसटीत बायांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. गिऱ्हाईक मोटारसायकलवर आलेलं असतं हेही यातच येतं. जे त्याला हँडलला अडकवून नेता येतं, तेच तो घेतो. झुल्यावर बसून फोटो किती जणांनी काढले ते विचारू नका.

भाव पाडण्याचं काय? दिवा साडेचारशेचा लावला होता, चारशेला दिला. सहा दिव्यांमागे तीनशे रुपये गेले. परड्यांवर थोडेफार. गटातल्या पाचही जणी घरी येऊन याच तीनशे रुपयांवर बोलत होत्या. माणूस तोंडावर अपमान करतो तो लक्षात राहतो, टेम्पोवाला अपमान करत नाही.

आयोजकांच्या कागदावर मात्र चित्र निराळं आहे. रोज संध्याकाळी एक पोरगा वही घेऊन "आजची विक्री?" विचारत फिरायचा. दोन हजार सांगितले की म्हणायचा, "थोडी वाढवून सांगा ना मावशी, पुढल्या वेळी नंबर लागते." शेजारी तर वाढवूनच सांगत होते. शेवटी या गटाच्या नावापुढे 31,000 लागले. पुढच्या वर्षीचं प्रदर्शन याच आकड्यावर आखलं जाणार, तितक्याच दिवसांचं आणि तशाच सोयींचं.

पांढरी पिठी

चौथ्या दिवशी कंदिलांखालच्या काळ्या कापडावर बारीक पिवळट-पांढरी पिठी दिसायला लागली. या भागातल्या माणसाला ती काय आहे हे समजावून सांगावं लागत नाही. एक बाई फक्त बोट फिरवून म्हणाली, "घुण लागली," आणि पुढे गेली. सासूबाईंनी ऑगस्टमध्ये सांगितलेलं जानेवारीत निघालं. बांबूतल्या पिठूळ अंशावर हा बारीक भुंगा जगतो. हिवाळ्यात तोडलेला, तीन-चार वर्षांचा पक्का बांबू त्याला फारसा मानवत नाही, पावसातला कोवळा मानवतो. टिकवायचा असेल तर बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात, किंवा बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवतात. प्रशिक्षणात हे शिकवलं होतं. पण हौद लागतो, औषध लागतं, वाळवायला कोरडे दिवस लागतात, आणि ऑगस्टमध्ये यातलं एकही नव्हतं. सुपाला याची गरज पडली नव्हती, कारण सूप कधी पाच महिने पडून राहिलं नव्हतं.

घरी परतल्यावर सदतीसपैकी बावीस कंदील चुलीत गेले.

त्यानंतर

इथवरचा हिशेब पाहून मी गटाला सांगितलं होतं की प्रदर्शनाचा नाद सोडा. पण पुढे एक गोष्ट अशी घडली की माझी मांडणी थोडी लंगडी पडली. प्रदर्शनात ताडोब्याजवळच्या एका रिसॉर्टच्या माणसानं धाकटीचा नंबर घेतला होता. असे नंबर घेणारे पुष्कळ असतात. याचा मार्चमध्ये खरंच फोन आला. बारा दिवे, साडेतीनशेला एक, गाडी त्याची. एकूण 4,200, अर्धे रोख, अर्धे "पुढच्या आठवड्यात". उरलेले 2,100 मिळायला पावसाळा उजाडला, पण मिळाले. म्हणजे जे दिवे तिथे विकले गेले नाहीत, ते तिथे दिसल्यामुळे विकले गेले. धाकटीचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते खोडता येत नाही.

पुढच्या हंगामात गटानं हिवाळ्यातला बांबू घेतला. दिवाळीनंतर आजूबाजूच्या गावांच्या मंडयांत सूप-टोपल्या घेऊन सासूबाई बसल्या. तिथे स्टॉल नाही, सफाईचे पैसे नाहीत, आणि नाटकाला आलेले पाहुणे-रावळे जाताना काहीतरी घेतातच. संक्रांतीच्या महिनाभर आधी ब्रह्मपुरी आणि नागभीडच्या महिला मंडळांना सुपलीचे फोटो पाठवले. किती विकल्या याचा आकडा मी इथे देत नाही, वही अजून बंद व्हायची आहे.

प्रदर्शनाचं बोलावणं परत आलं आहे. घरात दोन मतं आहेत. थोरली सून म्हणते, जायचंच नाही. धाकटी म्हणते, जायचं. सासूबाईंनी मधला रस्ता काढला, "मंग एकच दिवा ने. बॅटरी लावून पेटवून ठेव. बाकीचे फोनमध्ये दाखव. अन् माल एसटीत मावेल तेवढाच." धाकटीला हे पटलं आहे. अडलं आहे ते अर्जावर. त्यात "आणणार असलेल्या मालाची अंदाजे किंमत" असा रकाना आहे, आणि मागच्या वेळी तिथे मोठा आकडा लिहिणाऱ्यांनाच दाराजवळचे स्टॉल मिळाले होते.